घड्याळ बंद ठेवून

"वाजवता येत नाही म्हणून स्टेपनं भरतोय" हा शेरा होम स्टुडिओ चालवणाऱ्या कुणालाही नवा नाही. शेरा मारणारा बहुधा बरा की-बोर्डवादक असतो आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. बोटं तयार नसलेल्यांनी या सोयीचा भरपूर फायदा घेतला आहे, आणि का घेऊ नये? पण ज्यांनी ही पद्धत रुळवली त्यांतले कितीतरी जण कसलेले वादक होते. हातात वाद्य असताना त्यांनी एकेक सूर मोजून भरण्याचा किचकट मार्ग का धरला, हे कळलं की स्टेप रेकॉर्डिंगची बाकीची बटणं समजायला वेळ लागत नाही. माझं मत पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे काम अरेंजरचं आहे. वादनाच्या मापानं ते मोजायला गेलं की शेरे सुरू होतात.

प्रत्यक्षात काय घडतं ते आधी पाहू. सिक्वेन्सरवर नेहमीचं, म्हणजे रिअल टाइम रेकॉर्डिंग करताना मेट्रोनोम टिकटिकत असतो, तुम्ही वाजवत असता आणि यंत्र टिपून घेतं: कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये यातलं 'केव्हा' तुमच्याकडून काढून घेतलेलं असतं. घड्याळ बंद. यंत्र एका घरापाशी, म्हणजे एका स्टेपपाशी, थांबतं आणि तुमची वाट पाहतं. तुम्ही पट्टी दाबून सोडलीत की सूर त्या घरात बसतो आणि यंत्र पुढच्या घरावर सरकतं. घर रिकामं ठेवायचं असेल तर 'रेस्ट'चं बटण, मागचाच सूर लांबवायचा असेल तर 'टाय'चं. दोन सुरांच्या मध्ये तुम्ही चहा पिऊन आलात तरी काही बिघडत नाही. १२० च्या लयीत सोळा घरांची पट्टी वाजवली की ते दोन सूर सेकंदाच्या आठव्या हिश्शाच्या अंतरानं, ठरल्या जागी पडतात. छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर वाचण्याच्या वेगाशी काही देणंघेणं न ठेवता एकेक अक्षर लावत जायचा, तशातली ही गत.

इथे एक घोळ मिटवून टाकायला हवा. बेल्जियमच्या इमेज-लाइननं १९९७ मध्ये आणलेलं फ्रूटी लूप्स, म्हणजे आजचं एफएल स्टुडिओ, आपल्याकडच्या अनेक डीजेंचं पहिलं सॉफ्टवेअर. त्यातल्या चौकोनी बटणांच्या रांगांना स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. तिथे तुम्ही घर निवडता आणि त्यात ठोका ठेवता. ढोलकी, हायहॅट, टाळी यांना ते उत्तम. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये उलटं आहे: घर यंत्र पुढे करतं, त्यात काय बसवायचं ते तुम्ही की-बोर्डवर दाबून सांगता. चाल आणि कॉर्ड यांच्यासाठी ही दुसरी रीत जास्त सोयीची पडते, कारण डोळे पडद्यावर आणि हात माऊसवर अडकत नाहीत, ते पट्ट्यांवर राहतात.

पेटी किंवा गाणं शिकलेल्या वाचकाला ही घरं परकी वाटू नयेत. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतली कोणतीही बंदिश उघडा. मात्रांचे खण पाडलेले, विभागांना उभ्या रेघा, सूर लांबला की पुढे आडवी रेघ, बोल लांबला की अवग्रह, एका मात्रेत दोन-तीन सूर आले की त्यांना खालून एक कंस. ती आडवी रेघ हाच टाय. खालून कंस दिलेल्या सुरांसाठी यंत्रावर स्टेपचं माप निम्मं किंवा एक तृतीयांश करावं लागतं. फरक एवढाच, पण तो मोठा आहे: भातखंड्यांचा कागद गायकाला आठवण करून देण्यापुरता असतो, त्यातली दोन घरांमधली वाट गायक आपल्या तालमीतून भरतो. यंत्राला तालीम नाही. ते लिहिलं तेवढंच वाजवतं. ज्याला आपण 'आपोआप येतं' म्हणतो ते सगळं इथे कुणीतरी बसून लिहावं लागतं.

तालाचा हिशोबही इथेच करून टाकू. बहुतेक यंत्रं सोळा घरांनी सुरू होतात आणि तीनतालाच्याही मात्रा सोळाच, म्हणून नवशिका खूश होतो. खूश होण्याआधी स्टेपचं माप पाहावं. यंत्राची सोळा घरं सहसा चार ठोक्यांचा एक बार असतो, एका ठोक्याचे चार तुकडे. तीनतालाची प्रत्येक मात्रा अशी चार तुकड्यांत पाडली तर चौसष्ट घरं लागतात. आर्टुरियाच्या कीस्टेपसारख्या साध्या यंत्रातही चौसष्ट स्टेप मिळतात, म्हणजे एक आवर्तन नेमकं मावतं. झपतालाला चाळीस, रूपकाला अठ्ठावीस, एकतालाला अठ्ठेचाळीस. शेवटचं घर कुठलं ते यंत्राला सांगायचं, की सम पुन्हा पहिल्या घरावर येते. परदेशी यंत्रांत आपले ताल बसत नाहीत, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. तिच्यामागे बहुतेक वेळा 'लास्ट स्टेप' नावाचं न दाबलेलं बटण असतं.

मोजून भरलेल्या संगीताचा वंश सिक्वेन्सरपेक्षा जुना आहे. कॉनलन नॅनकॅरो हा अमेरिकन संगीतकार मूळचा ट्रम्पेटवादक. १९४० मध्ये तो मेक्सिकोत राहायला गेला आणि पुढची कित्येक दशकं आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर हातानं भोकं पाडत बसला. त्याला एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या लयी चालवायच्या होत्या आणि त्या वाजवणारे हात त्याला मिळेनात. प्रत्येक भोक एक सूर, दोन भोकांतलं अंतर हा काळ. काही मिनिटांच्या तुकड्यासाठी महिनोन् महिने खर्ची पडायचे. स्टेप रेकॉर्डिंग हा आळशांचा मार्ग आहे असं कुणी म्हटलं की मला नॅनकॅरो आठवतो.

आज ज्याला आपण सिक्वेन्सर म्हणतो त्याच्या घराण्यात १९७७ चं रोलंड एमसी-८ हे वडीलधारं यंत्र. कॅनडाचा संगीतकार राल्फ डाइक याच्या कल्पनेवरून ते घडलं. त्यावर पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्याच. कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं होती. एकेका सुरासाठी आकडे ठोकायचे: स्वराची उंची, मग स्टेप टाइम, मग गेट टाइम. हे शेवटचे दोन शब्द नीट समजून घ्या, कारण या पुस्तकाचा निम्मा भाग त्यांच्यावर उभा आहे. स्टेप टाइम म्हणजे पुढचा सूर किती वेळानं यायचा. गेट टाइम म्हणजे हा सूर प्रत्यक्षात किती वेळ धरून ठेवायचा. स्टेप चोवीस आणि गेटही चोवीस असेल तर सूर एकमेकांना चिकटतात. गेट सहा केला तर तेच सूर टोचल्यासारखे तुटक वाजतात, आणि लय मात्र तसूभरही बदलत नाही. वादकाच्या हातात या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एमसी-८नं त्या सोडवून दोन आकड्यांत ठेवल्या. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रासाठी हे आकडे भरणारा हिदेकी मात्सुताके त्या बँडचा चौथा सदस्य मानला जायचा. बँडमधले तिघेही मातब्बर वादक, तरी त्यांना हा चौथा लागला.

कॉर्डचं काय? एमसी-८मध्ये कॉर्ड अशी वस्तूच नव्हती. आठ वेगवेगळ्या वाटा होत्या. तीन सुरांची कॉर्ड हवी तर तीन वाटांवर तीन स्वतंत्र ओळी आकड्यांत लिहायच्या.

मग आलं टीबी-३०३. रोलंडचं हे छोटं चंदेरी खोकं १९८१ च्या अखेरीस निघालं आणि १९८४ मध्ये बंद झालं. बेस गिटारवाला मिळाला नाही तर त्याची जागा भरावी, एवढाच त्याचा हेतू. सूर भरण्याची त्याची रीत विक्षिप्त होती. आधी 'पिच' मोडमध्ये सगळे सूर एकामागून एक द्यायचे, काळाचा विचारच करायचा नाही. मग 'टाइम' मोडमध्ये जाऊन त्या माळेसाठी सूर, टाय, रेस्ट असा आराखडा वेगळा भरायचा. त्यावर अॅक्सेंट, स्लाइड, सप्तक वर-खाली. म्हणजे एकच ओळ अनेकदा लिहायची. मनातली चाल त्यात जशीच्या तशी उतरवणं जिकिरीचं होतं. उतरताना आराखडा एका घरानं घसरला की सूर तेच, पण ओळ भलतीच. बेस गिटारवाले त्याच्या वाटेला फारसे गेले नाहीत. मात्र शिकागोत काही तरुणांनी सेकंडहँड बाजारातलं हे यंत्र घेऊन त्याच्या या भलत्या ओळींनाच दाद दिली. १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाची 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि अॅसिड हाउस नावाची एक पेठच उभी राहिली.

त्याआधी पाच वर्षं, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र वापरलं होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले ते जुने वादक. ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रं एकत्र जुळवून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या आधीचं अॅसिड मुंबईत सापडलं म्हणून जगभर चर्चा झाली. मला त्या चर्चेतल्या 'पहिला कोण' या वादात रस नाही. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची खबरही नव्हती. मला त्यातली कामाची वाटणी मोलाची वाटते. ज्युपिटर-८ मध्ये सिक्वेन्सर नाही, तेव्हा रागाची वरची फिरत हातानं वाजलेली. खाली ३०३ ची ओळ घराघरानं भरलेली, न थकता फिरणारी. जे हातानं चांगलं होतं ते हाताकडे, जे मोजून चांगलं होतं ते यंत्राकडे. कुणी सांगितलं नसताना त्यांनी ही रेघ अचूक ओढली, कारण चित्रपटाच्या वाद्यवृंदात कोण काय वाजवणार हे ठरताना पाहतच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

पद्धतीचा खास दोषही एका प्रसिद्ध गाण्यात जपून ठेवलेला आहे. न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं 'ब्लू मंडे', १९८३. त्याचं प्रोग्रॅमिंग जिलियन गिल्बर्टनं सूर-सूर करून भरलं. स्टुडिओच्या लांबीएवढे कागद एकमेकांना चिकटवून त्यावर सगळा क्रम लिहून काढला होता आणि त्यात एक सूर राहून गेला. परिणामी चाल ठेक्यापासून किंचित सरकली. बँडनं ती तशीच ठेवली. हातानं वाजवताना एक सूर चुकला तर तो तिथल्या तिथे चुकतो, पुढचं जागेवर राहतं. स्टेपनं भरताना एक घर गळलं की त्यानंतरचं सगळंच एक घर आधी येतं. म्हणून लूप बेसूर न होताही लंगडतोय असं वाटलं, तर सूर तपासत बसू नये, रेस्ट मोजावेत. दहापैकी नऊ वेळा एक रेस्ट हरवलेला असतो.

आता कॉर्डकडे, कारण या पुस्तकाचा जीव तिथेच आहे. १९८३ च्या रोलंड जेएक्स-३पी मध्ये १२८ स्टेपचा असा सिक्वेन्सर आला की एका घरात अनेक सूर एकदम मावू लागले. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांनी एक साधा नियम पाळला: पहिली पट्टी दाबल्यावर घर उघडतं आणि शेवटची पट्टी सुटल्यावर मिटतं. या नियमात मोठीच मुभा दडलेली आहे. कॉर्ड एकदम दाबायची गरज नाही. अंगठ्यानं सी धरून ठेवा. शांतपणे ई शोधा, तोही धरा. मग जी. तिन्ही सुटेपर्यंत यंत्र हलत नाही. मधल्या वेळात ऐका, करंगळी जी वरून ए वर नेऊन पाहा. मात्र काही यंत्रं मधे लागून गेलेला सूरही घरात जमा करतात, तेव्हा अजमावणं रेकॉर्ड बंद असताना केलेलं बरं. आणि नवशिक्याची ठरलेली चूक: ई शोधताना अंगठा उचलला जातो. घर मिटतं, सी एकटाच पहिल्या घरात राहतो, ई आणि जी दुसऱ्या घरात जातात, आणि माणूस म्हणतो यंत्र खराब आहे. लॅपटॉपवर नियम थोडा बदलतो. एबलटन लाइव्हमध्ये कॉर्ड धरून उजवा बाण दाबावा लागतो, म्हणजे घर मिटवण्याची आज्ञा वेगळी द्यायची असते.

एक उदाहरण जवळून पाहू. सी, ए मायनर, एफ, जी: हजारो गाण्यांतला हा क्रम. शिकाऊ माणूस चारही कॉर्ड मुळापासून दाबतो: सी-ई-जी, मग हात उचलून ए-सी-ई, मग एफ-ए-सी, मग जी-बी-डी. हात की-बोर्डभर उड्या मारतो आणि ऐकतानाही चार सुट्या वस्तू ऐकू येतात. आता घड्याळ बंद आहे त्याचा फायदा घ्या. सी-ई-जी भरा. पुढच्या घरात सी आणि ई तसेच, फक्त जी चा ए करा. ए मायनर झाला. त्यापुढच्या घरात सी आणि ए तसेच, फक्त ई चा एफ; एफ मेजर झाला. दोन कॉर्ड बदलल्या आणि हललं एकेकच बोट. शेवटी तिन्ही बोटं थोडी खाली: बी-डी-जी. तीन सुरांऐवजी तीन माणसं गाताहेत असं समजून प्रत्येकाची ओळ वेगळी गुणगुणून पाहा. मधल्याची ओळ ई-ई-एफ-डी. तीही गाता येते. मूळ सूर खाली हवा असेल तर तो बेसच्या ट्रॅकवर द्या, उजव्या हाताला त्याचं ओझं नको. चालू लयीत हा विचार करायला अनेक वर्षांचा रियाज लागतो. स्टेपमध्ये एका घरापाशी दहा मिनिटं थांबून तो करता येतो.

आपल्या परंपरेत कॉर्ड नव्हत्या. पेटीवाला गायकाच्या मागे सूर धरतो, फार तर सा-प. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्या आल्या त्या मुख्यत्वे गोव्याच्या वादकांच्या आणि अरेंजरांच्या हातून. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारखी माणसं संगीतकाराची चाल ऐकून कोणत्या व्हायोलिननं कोणता सूर धरायचा ते पाश्चात्त्य स्वरलिपीत कागदावर उतरवायची. तो कागद लिहिताना वाद्यवृंद वाजत नसतो. अरेंजर थांबतो, खोडतो, मधला सूर बदलतो. वाजवणारे दुसऱ्या दिवशी येतात. त्या माणसांना कुणी "वाजवता येत नाही म्हणून लिहितोय" असं म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

तरीही शेरा मारणाऱ्याचा एक मुद्दा उरतो आणि तो रास्त आहे: स्टेपनं भरलेलं बहुतेक संगीत निर्जीव वाजतं. कारण उघड आहे. प्रत्येक सुराची लांबी सारखी, जोर सारखा, जागा काटेकोर. मिडीमध्ये जोर १ ते १२७ मध्ये मोजतात आणि पुष्कळ यंत्रं स्टेपमध्ये सगळ्यांना एकच आकडा देऊन टाकतात. तेव्हा भरणं संपलं की दुसरं काम सुरू होतं, आणि त्याला पहिल्याहून जास्त वेळ द्यावा. गेट कमी-जास्त करा. कॉर्ड बदलण्याआधी थोडी जागा सोडली की गाण्याला दम घेता येतो. कॉर्डमधला वरचा सूर चालीसारखा ऐकू यावा म्हणून त्याचा जोर ९५, मधल्याचा ७०. आणि स्विंग. रॉजर लिन यांनी अकाईच्या एमपीसी-६० मध्ये १९८८ साली दिलेली सोय आजही तीच आहे: दोन-दोन घरांची जोडी धरायची आणि जोडीतलं दुसरं घर उशिरा वाजवायचं. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास तिश्र अंग. १२० च्या लयीत ५८ टक्के ठेवलं तर दुसरा सूर जेमतेम २० मिलिसेकंद मागे जातो. कानाला तो उशीर म्हणून कळत नाही, चाल झुलते एवढंच कळतं.

काही गोष्टींना मात्र या पद्धतीनं हात लावू नये. मींड, आंदोलन, तोडीतला अतिकोमल गंधार: घरांच्या मधल्या जागेत राहणाऱ्या या गोष्टी. ३०३ चा स्लाइड दर वेळी ठरलेल्या तेवढ्याच वेळात घसरतो. मींड तशी नसते. स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीच्या यंत्रांत प्रत्येक घराला वेगळी सेटिंग चिकटवता येते, त्यानं थोडंफार साधतं, पण गायकाला बोलावणं सोपं.

पुस्तकाविषयी. पहिली तीन प्रकरणं एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या यंत्रांवर आहेत आणि कॉर्डची घाई असलेल्यांनीही ती गाळू नयेत, कारण रेस्ट आणि टाय तिथेच अंगवळणी पडतात. कोणत्याही एका कंपनीचं मॅन्युअल म्हणून हे लिहिलेलं नाही. बटणांची नावं यंत्रागणिक बदलतात, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तेवढ्यापुरता उल्लेख केला आहे. कॉर्डची नावं ए-बी-सी मध्ये आणि सरगममध्येही दिली आहेत, सरगमसाठी सा पांढरी एकचा धरला आहे. काळी चारवर गाणाऱ्यांनी यंत्राचं ट्रान्सपोज आठ पायऱ्या वर नेऊन एक सप्तक उतरावं, म्हणजे उदाहरणं आहेत तशीच भरता येतील.